ऑपरेशननंतर हॉस्पिटलमधून फोन आला तर काय सांगायचं, काय विचारायचं

नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलात मी सर्जरी वॉर्डला सिस्टर आहे. घरी गेलेल्या पेशंटची फोनवर विचारपूस करायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. या फोनवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे "बरं आहे." आणि मला धास्ती वाटते ती याच उत्तराची.

निफाडकडचे एक काका होते, हर्नियाचं ऑपरेशन झालेले. सहाव्या दिवशी फोन केला. "बरं आहे सिस्टर, काही त्रास नाही." मी फोन ठेवणार, तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, "रात्री दोन गोधड्या घेतल्या ते सांगा की!" थंडी वाजून ताप आला होता, टाक्यांभोवती लाल झालं होतं. पण द्राक्षबागेची छाटणी चालू होती, आणि नाशिकला यायचं म्हणजे दिवस मोडणार. मी ओरडले तेव्हा संध्याकाळी आले. दोन टाक्यांमधून पू येत होता. जखम धुऊन, औषध बदलून भागलं. काकू जवळ नसत्या तर माझ्या वहीत त्या दिवशी "बरं आहे" एवढंच लिहिलं गेलं असतं.

म्हणून या फोनची तयारी डिस्चार्जच्या दिवशीच सुरू करा.

निघण्याआधी वॉर्डातच

फोन कोण करणार, साधारण कधी करणार आणि कोणत्या नंबरवरून, हे सिस्टरला विचारा. तो नंबर लगेच मोबाईलमध्ये सेव्ह करा. ०२५३ ने सुरू होणारा अनोळखी नंबर दिसला की लोक कंपनीची जाहिरात समजून कट करतात, आणि आम्ही इकडे तीन-तीनदा लावत बसतो. रात्री अडचण आली तर कोणाला फोन करायचा, तेही डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

नंबर देताना पेशंटजवळ चोवीस तास असणाऱ्या माणसाचा द्या. ॲडमिट करताना बहुतेक घरांत पुण्या-मुंबईच्या मुलाचा नंबर दिला जातो. तो बिचारा म्हणतो, "आईला विचारून सांगतो," आणि राहून जातं. पेठ, सुरगाण्याकडे घरात रेंज मिळत नसेल तर रेंज असलेल्या शेजाऱ्याचा दुसरा नंबर द्या आणि कोणत्या वेळी उचलाल तेही सांगून ठेवा. घरातलं मोठं माणूस अहिराणी किंवा कोकणीच मोकळेपणानं बोलत असेल तर तसं सांगा. ती बोली येणारं कोणी ना कोणी स्टाफमध्ये असतं.

वहीचं एक पान

रोज सकाळ-संध्याकाळ चार ओळी पुरतात. थर्मामीटरनं मोजलेला ताप. दुखणं दहापैकी किती. लघवी, संडास झाली का, वायू सरला का. कोणती गोळी घेतली, कोणती चुकली. नळी लावून पाठवलं असेल तर पिशवीत किती आणि कोणत्या रंगाचं पाणी जमलं, तेही लिहा.

"अंग जरा कोमट वाटतंय" यावरून आम्हाला काही ठरवता येत नाही. "काल संध्याकाळी १००.६ होता, आज सकाळी १०१" म्हणालात की मी लगेच डॉक्टरांना गाठते. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर फोनची वाट न पाहता कळवायचं.

फोन आल्यावर

पेशंटच्या शेजारी बसा, स्पीकर लावा, वही आणि डिस्चार्ज कार्ड पुढ्यात घ्या. पेशंटला आधी बोलू द्या, पण तो लपवत असेल तर मध्ये बोला, त्या काकूंसारखं.

काही त्रास अपेक्षित असतात आणि ते कळले की जीव भांड्यात पडतो. दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर दोन-तीन दिवस खांदा दुखतो, कारण पोटात भरलेल्या गॅसमुळे छाती आणि पोटामधल्या पडद्याला टोचणी लागते. पूर्ण भूल दिली असेल तर नळीमुळे घसा खवखवतो. पण कमरेत भूल दिली असेल आणि बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की थांबतं, तर हे नेमक्या याच शब्दांत सांगा.

जखमेवर हळद लावली, कोणीतरी सांगितलेला लेप लावला, टाके भिजले, गोळी मनानं बंद केली, हेसुद्धा सांगा. सिस्टर रागावेल म्हणून गप्प बसू नका. मी रागावते, पण लगेच उपायही सांगते.

तुमचे प्रश्न आधी लिहून ठेवलेले बरे: टाके कधी काढायचे, अंघोळ कधीपासून, जिना चढू का, दुचाकी कधी चालवू, रक्त पातळ करणारी गोळी परत कधी सुरू करायची, तपासायला पाठवलेल्या गाठीचा रिपोर्ट कधी मिळेल. फोन ठेवण्याआधी ऐकलेलं सगळं परत म्हणून दाखवा. गोळ्यांच्या बाबतीत मी हा आग्रह नेहमीच धरते.

जखमेचा फोटो मागितला तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, एक जवळून आणि एक थोडा लांबून काढा. फक्त दिलेल्या नंबरवर पाठवा. नातेवाइकांच्या ग्रुपवर नको. आणि फोनवर कोणी ओटीपी किंवा बँकेची माहिती मागितली तर कट करा. विचारपुशीच्या फोनला ओटीपी लागत नाही.

फोन येऊन गेल्यावर

इथे बरेच जण फसतात. आमचा पहिला फोन बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असतो, आणि जखमेत पू होण्याची लक्षणं साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात दिसतात. पहिल्या फोनला सगळं ठीक होतं म्हणून वही बंद करू नका. जखमेवर तीस दिवस नजर हवी, आणि गुडघ्याचा सांधा बदलला असेल किंवा प्लेट, रॉड टाकला असेल तर नव्वद दिवस. मधुमेह असेल तर साखरही लिहीत जा.

फोन आलाच नाही तर तुम्ही करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची फेरतपासणी आणि औषधं त्यातच धरलेली असतात. कोणी पैसे मागितले तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला भेटा किंवा योजनेच्या १५५३८८ या नंबरवर विचारा.

वाट पाहायचीच नाही अशा वेळी

धाप लागणं, छातीत दुखणं, ड्रेसिंग रक्तानं भिजत राहणं, माणूस बरळायला लागणं: लगेच १०८. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. पोट फुगून उलट्या थांबत नसतील, लघवी तुंबली असेल, जखम उसवली असेल तरी लगेच निघा.

निघताना डिस्चार्ज कार्ड, उरलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि ती वही घ्या. उपाशी यायचं का, हे निघण्याआधी फोनवर विचारा. जखम पुन्हा उघडायची वेळ आली तर भूल द्यावी लागते, आणि वाटेत पेशंटला मिसळ खाऊ घातली असेल तर सहा-आठ तास थांबावं लागतं.