संसदेचा इतिहास वाचताना शेजारी काय ठेवावे

भारतीय संसदेच्या इतिहासावरचे पुस्तक हाती घेतले की आपण बहुधा पहिल्या पानापासून सरळ वाचत सुटतो, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापर्यंत पंतप्रधानांची नावे, निवडणुकांचे निकाल आणि घटनादुरुस्त्यांचे क्रमांक यांची डोक्यात सरमिसळ होऊन बसते. यात वाचकाचा दोष थोडा आहे. संसदेचा इतिहास आणि सरकारचा इतिहास हे एकमेकांना चिकटलेले असले तरी वेगळे विषय आहेत, आणि आपण यांपैकी कोणता वाचत आहोत हे पुस्तक स्वतःहून सांगत नाही. म्हणून आधी अनुक्रमणिका नीट पाहावी. प्रकरणे पंतप्रधानांच्या कारकिर्दींनुसार पाडलेली असतील, तर ते पुस्तक मुख्यतः सरकारचे आहे, असे समजावे. प्रश्नोत्तराचा तास, समित्या, अर्थसंकल्पावरील चर्चा, सदस्यांचे विशेषाधिकार अशी प्रकरणे असतील, तर ते सभागृहाचे आहे. दोन्ही प्रकारची पुस्तके लागतात; मात्र नवख्या वाचकाने सभागृहाच्या पुस्तकापासून सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे, कारण कामकाजाचे नियम कळल्याशिवाय सरकार कशाने अडचणीत आले आणि कशाने तरले, हे कळत नाही.

नियमांसाठी कौल आणि शकधर यांचा संसदीय कार्यपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथ हाताशी असावा. त्याची पहिली आवृत्ती 1968 ची असून दोघेही लेखक लोकसभेचे सचिव होते. तो सलग वाचायचा नसतो. इतिहासाच्या पुस्तकात ‘स्थगन प्रस्ताव फेटाळला गेला’ असे वाक्य आले की त्या शब्दापुरता तो कोशासारखा उघडावा आणि स्थगन प्रस्ताव व अविश्वास ठराव यांत फरक काय, कोणत्या प्रस्तावाने सरकार पडते आणि कोणत्याने नुसती नामुष्की होते, एवढे पाहून परत यावे.

यानंतर एक वही घेऊन सभागृहांच्या नावांचा आणि तारखांचा तक्ता करावा. हे काम कंटाळवाणे वाटेल, पण सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात. संविधान सभेची पहिली बैठक 9 डिसेंबर 1946 रोजी झाली. नोव्हेंबर 1947 पासून हीच सभा दोन कामे वेगवेगळ्या बैठकांत करू लागली. संविधान बनवण्यासाठी ती बसे तेव्हा अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद असत, आणि कायदे करण्यासाठी बसे तेव्हा गणेश वासुदेव मावळंकर. दोन्ही कामकाजांचे खंड स्वतंत्र छापलेले आहेत. 26 जानेवारी 1950 पासून हंगामी संसद आली, आणि नव्या सभागृहांची पहिली बैठक 13 मे 1952 रोजी भरली. ‘लोकसभा’ आणि ‘राज्यसभा’ ही नावेही 1954 मध्ये स्वीकारली गेली, त्यामुळे त्याआधीचे खंड या नावांनी शोधणाऱ्याला ते सहजी सापडत नाहीत.

या तक्त्याचा उपयोग किती, हे हिंदूंच्या विवाह-वारसाविषयक कायद्यात सुधारणा करू पाहणाऱ्या हिंदू कोड बिलावरून दिसते. या विधेयकावरची चर्चा 1948 च्या एप्रिलमध्ये झाली, हे वाचून एखादा अभ्यासक संविधान सभेचे प्रसिद्ध खंड उघडतो, आणि तिथे ती त्याला मिळत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे विधेयकाची छाननी करणाऱ्या निवडक सदस्यांच्या समितीकडे, पाठवण्याचा प्रस्ताव मांडला होता तो कायदे करणाऱ्या बैठकीत, म्हणजे मावळंकरांच्या अध्यक्षतेखालील मालिकेत. याच विषयाची पुढची कडी अधिक शिकवणारी आहे. सप्टेंबर 1951 मध्ये आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये त्यासंबंधीचे निवेदन करण्यासाठी ते सभागृहात गेले, तेव्हा निवेदनाची प्रत आधी द्यावी असा आग्रह पीठासनावरून धरण्यात आला. ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांकडे दिले. ज्या निवेदनाचे उतारे आज पुस्तकापुस्तकांतून दिले जातात, ते सभागृहात वाचलेच गेले नव्हते. इतिहासकाराने ‘आंबेडकर संसदेत म्हणाले’ असे लिहिले असेल, तर तिथे पेन्सिलने खूण करावी आणि त्या पुस्तकातले पुढचे उतारे दुप्पट काळजीने तपासावेत. माझ्या दृष्टीने लेखकाची पारख करण्याची याहून चांगली जागा नाही.

तपासण्यासाठी मूळ कामकाज आता संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात घरबसल्या पाहता येते. प्रत्येक प्रकरणामागे एक दिवस निवडावा आणि त्या दिवसाचे कामकाज प्रश्नोत्तरांसह पूर्ण वाचावे. ऑगस्ट 1963 मधला, आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध मांडलेला पहिला अविश्वास ठराव 62 विरुद्ध 347 मतांनी फेटाळला गेला, एवढेच पुस्तकात असते. चार दिवस चाललेल्या त्या चर्चेचा सूर मूळ खंडातच ऐकू येतो. वाचताना दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावे. मजकुरात मधेच तारका दिसल्या, तर तिथले शब्द पीठासीन अधिकाऱ्यांच्या आदेशाने कामकाजातून काढून टाकलेले असतात. दुसरे म्हणजे, निर्णय आवाजी मतदानाने झाला असेल तर कोणी कोणत्या बाजूने मत दिले हे कळण्याचा मार्ग नसतो. मतविभाजन झाले असेल तर नावे मिळतात.

आकडा आणि त्याचा अर्थ यांची गल्लत होऊ देऊ नये. 17 एप्रिल 1999 रोजी वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 अशा एका मताने पडले, हे कामकाजात नोंदलेले आहे. ते कोणामुळे पडले, हे मात्र प्रत्येक लेखक आपापल्या परीने सांगतो. कोणी अण्णाद्रमुकने पाठिंबा काढून घेतल्यावर भर देतो, तर कोणी ओडिशाचे मुख्यमंत्री झाल्यावरही खासदार राहिलेल्या गिरिधर गमांग यांच्या मतावर. वहीत उजव्या पानावर नोंदलेली वस्तुस्थिती आणि डाव्या पानावर लेखकाचे मत, अशी विभागणी केली की दोन पुस्तके शेजारी ठेवून पडताळणे सोपे जाते.

आणीबाणीचा काळ वाचताना ही पद्धत थोडी बदलावी लागते. जुलै 1975 च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास स्थगित ठेवला होता, अनेक विरोधी सदस्य तुरुंगात होते आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप होती. संसदेच्या कामकाजाच्या वृत्तांताला संरक्षण देणारा, फिरोज गांधींच्या प्रयत्नाने 1956 मध्ये झालेला कायदाही त्या काळात रद्द करण्यात आला. 1977 मध्ये तो पुन्हा आणावा लागला. त्यामुळे त्या महिन्यांतल्या वृत्तपत्रांवर विसंबून लिहिलेले प्रकरण आणि छापील कामकाज यांत तफावत आढळली, तर आधी छापील कामकाज पाहावे, आणि जे सदस्य तिथे बोलूच शकले नाहीत त्यांच्यासाठी आठवणी, पत्रे आणि 1977 नंतरच्या लोकसभेतली भाषणे यांकडे वळावे.

टिपण काढताना सभागृहाचे नाव, कितवी लोकसभा, तारीख आणि जुन्या खंडांत असतो तो स्तंभक्रमांक, हे चारही तपशील तिथल्या तिथे लिहावेत. जुन्या खंडांत एका पानावर दोन स्तंभ असून क्रमांक स्तंभाला दिलेला असतो. तो पानाचा समजून लिहिला, तर सहा महिन्यांनी तोच उतारा आपला आपल्यालाच सापडत नाही.