चेहऱ्यावरचं वय उतरवायला निघालात? या चुका टाळा

मे महिन्यात, आंब्याच्या ऐन धबडग्यात, ओळखीच्या एक वहिनी ओढणी नाकापर्यंत ओढून दुकानात आल्या. देवगड तालुक्यात माझं मेडिकल आहे. त्या दिवसांत उन्हापायी तोंड बांधलेली बाई म्हणजे काही नवल नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही. गर्दी पांगेपर्यंत त्या बाकावर बसून राहिल्या, मग ओढणी खाली केली. डावा डोळा टक्क उघडा आणि उजवी पापणी अर्ध्यावर उतरलेली, पेंगुळल्यासारखी. "रविवारी पुतण्याचां लगीन आसा. ह्यां काय झालां गो?"

आठवड्यापूर्वी त्या घाटावर जाऊन भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, घेऊन आल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी लग्नाची तयारी म्हणून पार्लरमध्ये फेशियल, त्यात कपाळाला पंधरा मिनिटं मसाज. टोचलेलं औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरलं की पापणी अशी पडते. सुई कुठे आणि किती खोल गेली यावर ते जास्त अवलंबून असतं. त्यामुळे मसाजनेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण चोळण्याने भलं काही झालं नसणार. पापणी आपोआप उघडते, फक्त त्याला काही आठवडे जातात. डॉक्टर तपासून थेंब देतात, त्यांनी एखाद-दोन मिलिमीटर वर येते, एवढंच. रविवारपर्यंत काही होण्यातलं नव्हतं.

मी डॉक्टर नाही, फार्मसिस्ट आहे. पण काउंटरमागे इतकी वर्षं बसून एक दिसतं: आपल्याकडे या उपचारांचा घोळ होतो तो बहुधा घरी परतल्यावर. डॉक्टर कोल्हापूरला, मुंबईला नाहीतर गोव्यात. आपण समुद्राकाठी. मध्ये घाट, डोक्यावर ऊन, आणि घरी आल्या आल्या वाट बघत असलेली कामं.

तारीख उलटी मोजा

लग्न रविवारी, म्हणून सोमवारी बोटॉक्स, हा हिशोबच चुकीचा. बोटॉक्सचा परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात, पूर्ण दिसायला साधारण दोन आठवडे. एक भुवई वर, एक खाली असं काही राहिलं तर ते तेव्हाच कळतं आणि दुरुस्ती तेव्हाच होते. म्हणून समारंभाच्या निदान चार आठवडे आधी. परिणाम तीन-चार महिने टिकतो, त्यामुळे लवकर केलं म्हणून वाया जात नाही. फिलरनंतर, म्हणजे बसलेली जागा भरून काढणाऱ्या जेलच्या इंजेक्शननंतर, निळे-काळे डाग पडले तर ते जायला आठ-दहा दिवस धरा. पील म्हणजे आम्ल लावून वरची कातडी सोलणं; हलक्या पीलनंतर आठवडाभर साल निघते.

टोचून आल्यावर चार तास आडवं व्हायचं नाही, त्या दिवशी टोचल्या जागी चोळायचं नाही, व्यायाम नाही. फेशियल दोन आठवडे विसरा. परतीच्या गाडीत खिडकीला कपाळ टेकून झोपणंही त्यातच आलं.

रेघ कुठली, डाग कुठला

आरशासमोर उभ्या राहा आणि भुवया उचला. कपाळावर रेघा उमटल्या आणि भुवया खाली आणताच पुसल्या गेल्या, तर ते बोटॉक्सचं काम. भुवया खाली आल्यावरही रेघ तशीच असेल, तर बोटॉक्सने ती मऊ होईल, नाहीशी होईलच असं नाही. गाल बसलेत, डोळ्यांखाली खड्डा आहे, तिथे फिलर लागतो. हनुवटीच्या बाजूची कातडीच लोंबत असेल तर सुयांना मर्यादा आहेत. चांगला डॉक्टर तसं तोंडावर सांगतो आणि ऑपरेशनचा विषय काढतो. जो फिलर भरभरूनच ते उचलून देईन म्हणतो, त्याच्याकडून उठावं.

पण खरं सांगू? आपल्या रंगाच्या कातडीवर सुरकुत्या उशिरा येतात. चाळिशीतली बाई वयस्क दिसते ती बहुतेकदा वांगामुळे. आणि वांगावर घाईने मारलेला लेसर किंवा जास्त ताकदीचं पील हमखास अंगाशी येतं. सावळ्या त्वचेला भाजलं, सुजलं, खरचटलं की ती जागा काळी पडते. वांग घालवायला गेलेल्या दोघी-तिघी दुप्पट काळे गाल घेऊन माझ्याकडे आल्यात. म्हणून पील हलक्यापासून सुरू करायचं, दोन बैठकांमध्ये काही आठवडे जाऊ द्यायचे, आणि लेसरआधी कानामागे किंवा जबड्याखाली छोट्या जागेवर चाचणी मागायची. मागायला लाजू नका.

स्वस्तातला, पुराव्याने सिद्ध झालेला उपाय हवा असेल तर डॉक्टरांना ट्रेटिनॉइन नावाच्या मलमाबद्दल विचारा. रात्री, वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, सुरुवातीला त्वचा सोलते, आणि गरोदरपणात वर्ज्य. हे लावत असताना ओठांवर वॅक्स करू नका, साल वॅक्सबरोबर येते.

ती ट्यूब

"वयनी, माका ती गेल्या टायमाची ट्यूब दी." हे वाक्य मी आठवड्यातून निदान चार वेळा ऐकते. ती ट्यूब म्हणजे डाग फिकट करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन नावाचं स्टेरॉइड, तिन्ही एकत्र. वांगासाठी डॉक्टर ती थोडे आठवडे देतात. पण पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा असा उजळतो की बाई ती सोडायलाच तयार होत नाही. मग जाऊ तीच लावते, मग भाची. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, गालावर लव वाढते, आणि ट्यूब बंद केली की आग आग होते, म्हणून परत तीच लावली जाते. त्वचारोगतज्ज्ञांच्या भाषेत हा स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. २०१८ साली सरकारने अशी स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. मी देत नाही, त्यावरून दोन गिऱ्हाइकं कायमची तुटली. तुटू देत.

अशा पातळ झालेल्या चेहऱ्यावर पील किंवा लेसर म्हणजे भाजणंच. त्यामुळे डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या. "काही लावत नाही" असं लाजून सांगू नका. आणि ट्यूब एकदम बंदही करू नका, हळूहळू कशी सोडवायची ते डॉक्टर ठरवून देतात.

आखातातून कोणीतरी आणलेली, लेबल धड नसलेली गोरेपणाची क्रीमही याच पिशवीत टाका. असल्या काही क्रीममध्ये पारा निघतो. पारा मूत्रपिंडाला घातक.

ऊन आणि चीक

उपचारानंतर ऊन टाळा म्हटलं की बायका म्हणतात, मी कुठे उन्हात जाते? आणि सकाळी खळ्यात आमसुलं वाळत घालायला वाकलेल्या असतात. किनाऱ्यावर ऊन फक्त वरून येत नाही. कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के परत फेकते, लाटांचा फेस सुमारे २५ टक्के. टोपीखालचा चेहराही भाजतो तो असा. पावसाळी ढगांतूनही बरंच ऊन खाली येतं.

सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या पुढचं, आणि तर्जनी व मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन रेघा, चेहरा आणि मानेला मिळून. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. इतकं लावलं तर एका वेळी ग्रॅमभर जातं, म्हणजे दिवसातून दोनदा लावणाऱ्या बाईला ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरणार नाही. माझ्याकडची बहुतेक गिऱ्हाइकं सहा महिन्यांनी दुसरी न्यायला येतात. वांग असेल तर थोडी रंगाची, आयर्न ऑक्साइड असलेली घ्या. नुसत्या प्रकाशानेही वांग गडद होतं, ते ती अडवते.

आता माझी स्वतःची फजिती. ग्लायकॉलिक पील करून आले, उन्हाची सगळी काळजी घेतली. पाचव्या दिवशी, हनुवटीवरची साल अजून सुटत असताना, घरात पेट्या भरायला बसले. देठ मोडला की आंब्याचा चीक कसा चिरकतो ते इथे कोणाला सांगायला नको. मी हात पुसत होते, पण एकदा घाम आला आणि मनगटाने गाल पुसला. संध्याकाळी चुरचुर, सकाळी फोड, आणि तो काळा डाग दिवाळीपर्यंत. आंबा, काजू आणि बिबा एकाच कुळातले. साबूत कातडीलाही चीक भाजतो, तर सोललेल्या कातडीचं काय होणार!

चीक लागलाच तर लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, फोड फोडू नका, हळद-लिंबू काही लावू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्याचाच वेगळा काळा पट्टा उठतो. डॉक्टरांना दाखवा. मला त्यांनी पाच दिवसांसाठी दिली ती स्टेरॉइडचीच ट्यूब, पण पाच दिवसांसाठीच. पील करायचंच असेल तर आंब्याचा हंगाम संपू दे.

फिलर आणि घाट

बोटॉक्स चुकलं तर वाट बघावी लागते. फिलर चुकलं तर वाट बघायला वेळ नसतो. फिलर रक्तवाहिनीत गेला किंवा तिच्यावर दाबला गेला की पुढच्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो. जागा पांढरी पडते, मग जाळीसारखी निळसर, आणि दुखणं कमी होण्याऐवजी वाढतं. हे क्वचित होतं, पण झालं तर तासांचा प्रश्न असतो. नजर धूसर झाली किंवा डोळा दुखू लागला तर मिनिटांचा. हायल्युरॉनिक अॅसिडचा फिलर विरघळवणारं हायल्युरोनिडेज नावाचं इंजेक्शन असतं. ते माझ्या दुकानात मिळत नाही आणि आमच्या आसपासही कुठे नाही.

दुपारी कोल्हापुरात फिलर, संध्याकाळी करूळ नाहीतर फोंडा घाट उतरून घरी, आणि रात्री दोनला गाल पांढरा. पावसात दरड आली असेल तर मग बोलायलाच नको. म्हणून ती रात्र शहरातच काढा. आत जाण्याआधी दोन प्रश्न विचारा: हायल्युरोनिडेज दवाखान्यात आत्ता आहे का, आणि रात्री फोन कोण उचलतो? उत्तराला आढेवेढे आले की चप्पल घाला.

त्याच वेळी बाकीचंही विचारून घ्या. टोचणारा एमडी त्वचारोग, डीडीव्हीएल (त्वचारोगाची पदविका) किंवा प्लास्टिक सर्जन आहे ना. पार्लरमधली मुलगी, हॉटेलच्या खोलीतलं एका दिवसाचं शिबिर, ऑनलाइन मागवलेला सुयांचा रोलर, या वाटेला जाऊ नका. बोटॉक्सची कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. आमच्याकडे लाईट गेली की माझा अर्धा जीव इन्शुलिनच्या फ्रीजमध्ये असतो, त्यामुळे हा मुद्दा मला फार जवळचा. कुपी तुमच्यासमोर उघडायला सांगा, तिचं स्टिकर तुमच्या कागदावर चिकटवून घ्या, किती युनिट दिली ते लिहून घ्या. एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटएवढं नसतं, त्यामुळे पुढच्या खेपेला "मागच्याएवढंच द्या" म्हणून भागत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ओठांवर वारंवार येणारी नागीण, स्नायूंचा आजार, गरोदरपण, अंगावर दूध पाजणं, हे सगळं सांगायचं. हृदयासाठी चालू असलेली अॅस्पिरिन मात्र कोणाच्या सांगण्यावरून परस्पर थांबवू नका, निळा डाग पडला तरी चालेल.

त्या वहिनींची पापणी पाचव्या आठवड्यात पूर्ण उघडली. लग्नाच्या फोटोंत त्या गॉगल लावून आहेत, अक्षता टाकतानासुद्धा. जानेवारीत पुन्हा गेल्या, या खेपेला कोल्हापुरात नणंदेकडे मुक्काम ठेवून. येताना दुकानात थांबल्या आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. वर स्टिकर, खाली डॉक्टरांच्या अक्षरात २० युनिट, आणि त्याखाली रात्रीचा फोन नंबर.