द्वादशीची भरती आणि एकच थवा

किनाऱ्यावर पक्षी बघायला जायची तयारी सुरू होते ती भिंतीवरच्या कालनिर्णयापासून. किनाऱ्यावरची पाखरं पाणी बघून वागतात आणि पाणी तिथी बघून. कोकणात दर्यावर पोट असलेल्या घरांत हे गणित तोंडपाठ असतं: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास भरती. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. पक्षी बघायला मी द्वादशी किंवा त्रयोदशी निवडते. बाराची पाऊणपट नऊ. दिवस उजाडतो तेव्हा पाणी चढत असतं आणि पुढच्या दोन-अडीच तासांत ते लांब चिखलावर पांगलेल्या पाखरांना मागे रेटत रेटत कोरड्या वाळूकडे आणतं. आपण त्यांच्याकडे चालत जायचं नाही, पाण्याला त्यांना आणू द्यायचं. शिवाय आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी ऊन आपल्या पाठीमागून, जमिनीच्या बाजूने येतं आणि थेट पाखरांच्या छातीवर पडतं. तेच संध्याकाळी गेलात तर समोर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील. पिसांचा रंग कळणार नाही. भरती आणि ऊन दोन्ही सकाळीच जुळून येतात, ते या दोन-तीन तिथींना. पाऊणपटीच्या हिशेबात थोडा फरक पडतो, म्हणून आदल्या दिवशी मोबाइलवर भरतीचा तक्ता एकदा बघून घ्या.

कालनिर्णयावर दोन खुणा करा, एक नको. एक मार्गशीर्ष किंवा पौषातली द्वादशी आणि दुसरी चैत्रातली. जागा तीच, थवा तोच. हिवाळ्यात इथे असतात ते बहुतेक सगळे पाहुणे करड्या-पांढऱ्या साध्या कपड्यांत असतात. चैत्र येईपर्यंत त्यांच्या अंगावरची पिसं एकेक करून बदलतात आणि परतीच्या वाटेला लागण्याआधी विणीचा पिसारा चढू लागतो. हा बदल एका भेटीत दिसत नाही. पाहिलेल्या जातींची यादी लांबवण्यापेक्षा एकच थवा दोनदा बघा, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

जागा म्हणाल तर मी अलिबागच्या दक्षिणेचा अक्षीचा किनारा सुचवेन. सुरूचं बन, त्याच्यापुढे रुंद सपाट वाळू, उत्तरेला खाडीचं तोंड आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल. वाळू, चिखल आणि खाडी एकाच नजरेत असल्याने वेगवेगळ्या चोचींच्या पाखरांना इथे पोटापुरतं मिळतं. मुंबईहून पहिली लाँच धरून गेलात तर उशीर होईल. आदल्या रात्री अलिबागला किंवा नागावला मुक्काम करा आणि अंधार असतानाच बनात पोचा. भिगवणला जाणार असाल तर हे तिथीचं गणित बाजूला ठेवा. उजनी धरणाच्या फुगवट्याला भरती नाही; तिथे पाणी उन्हाळ्याकडे हळूहळू उतरतं आणि उघड्या पडलेल्या चिखलावर पाखरं जमतात. ठाण्याच्या खाडीतल्या अग्निपंखांची, म्हणजे फ्लेमिंगोंचीही तयारी निराळी, तिच्यात इथे शिरत नाही.

आता पिशवी. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि बेचाळीस मिलिमीटर भिंगाची असली तर उत्तम. दहापट मोठं दाखवणारी घेतली तर हात थकतो आणि वाऱ्यात चित्र हलतं. किनाऱ्यावर स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची जास्त ताकदीची दुर्बीण) आणि तिपाई मिळाली तर फार फरक पडतो, कारण पन्नास-साठ मीटरवरून एकेक पीस वाचायचं आहे. स्वतःचा नसेल तर कुणासोबत जा आणि आळीपाळीने बघा. बसायला घोंगडीचा तुकडा किंवा बुटकी घडीची खुर्ची हवी, ती विसरू नका. उभा माणूस पाखरांना लांबूनही धोका वाटतो, बसलेल्या माणसाची थोड्या वेळाने सवय होते. कपडे मातकट रंगाचे. टोपी, पाणी, चपाती-भाजीचा डबा. खाऱ्या हवेसाठी गोड्या पाण्याने ओलवून पिळलेलं फडकं एका डब्यात आणि कोरडं दुसऱ्यात. कॅमेरा न्या, पण पहिला तासभर तो पिशवीतच राहू द्या. पहिल्या वर्षी मी कॅमेरा घेऊन थव्याच्या मागे मागे चालत होते. दोन तासांत थवा चार वेळा उठवला. फोटो आले, पण घरी येऊन पाहिलं तर प्रत्येक फोटोतलं पाखरू मान ताठ करून माझ्याकडे बघत होतं. त्यांचं स्वतःचं चाललेलं काहीच मला दिसलं नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

वही आणि शिसपेन्सिल, पेन नको. दवाने शाई पसरते. घरून निघण्यापूर्वी वहीच्या आठ-दहा पानांवर एका साध्या पाखराची बाह्यरेषा काढून ठेवा. बाजूने उभं असलेलं आणि पंख उघडून उडणारं, अशा दोन. कपाळ, भुवई, कानाजवळची जागा, मानेमागचा पट्टा, छातीच्या दोन बाजू, पंखाचं टोक, शेपटी: या जागा बोटाने दाखवता येईपर्यंत सराव करा. किनाऱ्यावर मग लिहीत बसावं लागत नाही, रेषेत रंग भरला की झालं. पिसाऱ्याचा अभ्यास म्हणजे कुठलं पीस कुठे आहे याचं भान, आणि ते घरच्या टेबलावरच तयार होतं.

त्याच टेबलावर मोजक्या चार-पाच पाखरांची ओळख पक्की करा. मी वाळूवरच्या चिखल्यांपासून, म्हणजे प्लोव्हरपासून सुरुवात करायला सांगते. केंटिश चिखल्याच्या मानेमागे पांढरी पट्टी पूर्ण फिरलेली असते. वाळू-चिखल्यांना ती नसते; हिवाळ्यात ते वरून मातकट, खालून पांढरे आणि छातीच्या दोन्ही बाजूंना करडा ठिपका. आपल्याकडे जे छोटे वाळू-चिखले येतात ते मुख्यतः तिबेटी, लडाख-तिबेटच्या उंच पठारांवर वीण करणारे. चैत्रात याच पाखराच्या छातीवर विटकरी-नारिंगी पट्टा भरतो आणि डोळ्यांवर काळा मुखवटा येतो. नंतर कुरव, म्हणजे गल घ्या. तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिका असतो आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा काळा आणि पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी पाचर. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरीच, कानाजवळ फक्त एक डाग. नावावर विसंबलात तर घोटाळा होईल. पल्लसचा कुरव मात्र अंगाने मोठा आणि त्याची काळी टोपी सगळ्यांच्या आधी, फेब्रुवारीच्या सुमारालाच भरलेली दिसते. उरला कालवफोड्या, म्हणजे ऑयस्टरकॅचर. काळा-पांढरा, लाल-नारिंगी लांब चोच. हिवाळ्यात त्याच्या गळ्यावर पांढरी पट्टी असते, विणीच्या पिसाऱ्यात ती जाते.

वय ओळखायची सवय इथूनच लावून घ्या, कारण थव्यातलं वागणं वयाशिवाय कळत नाही. कुरवाच्या शेपटीच्या टोकाला काळी पट्टी आणि पंखावर तपकिरी पिसं असतील तर ते पहिल्या हिवाळ्यातलं पोर. लहान जातींचे कुरव दोनेक वर्षांत प्रौढांसारखे दिसू लागतात, मोठ्या जातींच्या कुरवांना चार वर्षं लागतात, म्हणून त्यांच्या थव्यात रंगांचा इतका गोंधळ दिसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. आधी येणारे प्रौढ झिजलेल्या, फिकट पडलेल्या पिसांत असतात. मागून येणारी पोरं नव्या कोऱ्या पिसांत, प्रत्येक पिसाला फिकी किनार, जणू खवले. पिसं झिजतात तीही सगळीकडे सारखी नाहीत. काळ्या रंगद्रव्यामुळे पीस टणक होतं, पांढरं लवकर घासतं. म्हणून जुन्या पंखांच्या टोकांवरचे पांढरे ठिपके आधी नाहीसे होतात. वहीत «ठिपके नाहीत» एवढंच लिहू नका, पीस नवं की जुनं हेही लिहा.

बनाच्या कडेला पोचलात की लगेच वाळूवर उतरू नका. दहा मिनिटं झाडाआड थांबून भरतीची रेषा कुठे आहे आणि थवा कुठे सरकतोय ते बघा. मग थव्याच्या अंदाजे वाटेपासून बाजूला, सूर्य पाठीशी घेऊन बसा आणि पाणी येऊ द्या. एखाद्याने मान उंचावली, चरणं थांबवलं, शेजाऱ्यानेही तेच केलं, तर आपण जास्त जवळ आहोत. बसल्या बसल्याच मागे सरका. हे चैत्रात काटेकोर पाळा. त्या दिवसांत ही पाखरं परतीच्या उड्डाणासाठी अंगात चरबी साठवत असतात. उगाच उठवलेला थवा खाल्लेलं खर्च करतो आणि खाण्याची वेळही गमावतो. भरतीच्या वेळी त्यांना टेकायला थोडीच कोरडी जागा उरते, आणि सुट्टीच्या दिवशी तिथेच मोटारी आणि घोडागाड्या फिरतात, कुत्री धावतात. म्हणून द्वादशी शनिवारी-रविवारी आली तर मी एक दिवस पुढचा-मागचा घेते. ड्रोन कुणीही आणू नये.

आता बघायचं काय, याची तयारी. दर दहा मिनिटांनी थव्यावरून डावीकडून उजवीकडे एकदा दुर्बीण फिरवा आणि चार आकडे लिहा: चरणारे, झोपलेले, पिसं साफ करणारे, भांडणारे. दोन तासांत बारा ओळी होतात आणि पाणी चढताना थवा कसा बदलतो ते त्या ओळींतूनच दिसतं. मधल्या वेळात एकच पाखरू निवडून पाच मिनिटं त्याला सोडू नका.

आधी अंतर बघा. चिखल्या धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. त्याचे डोळे मोठे, तो नजरेने शिकार करतो. शेजारी जवळ आला तर त्याच्या पावलांनी किडे बिळात जातात, म्हणून चिखल्ये एकमेकांपासून लांब पांगून चरतात. तुतवारांच्या, म्हणजे सँडपायपरच्या चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो, ते चिखलात चोच खुपसत शिवणयंत्रासारखे पुढे जातात आणि खांद्याला खांदा लावून चरू शकतात. त्याच चिखलावर एक जण मोकळीक मागतो आणि दुसरा गर्दीत सुखी असतो. कारण चोचीत आणि डोळ्यात आहे. राखी चिखल्या तर हिवाळ्यातही चिखलाचा आपला तुकडा राखतो आणि घुसणाऱ्याच्या अंगावर धावून जातो. त्याची हद्द कुठून कुठपर्यंत आहे ते वहीत रेषेने काढून बघा, अर्ध्या तासात नकाशा तयार होतो.

पाणी चढलं की पांगलेले सगळे कोरड्या वाळूवर एकत्र येतात. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे, कारण पाठीकडून वारा आला तर पिसं उलटतात. एक पाय पोटात, चोच पाठीच्या पिसांत. दुर्बीण एका झोपलेल्या पाखरावर स्थिर धरा: मधूनच डोळा उघडतो, मिटतो. लहान पाखरं मोठ्यांच्या आडोशाला, वारा अडेल अशा बाजूला गेलेली दिसतील. कुणाशेजारी कोण उभं राहतं, सुरय (टर्न) आपला वेगळा घोळका करतात की कुरवांत मिसळतात, कडेला कोण ढकललं जातं, हे बघायला एवढी निवांत वेळ दुसरी नाही. घार किंवा समुद्री गरुड वरून गेला तर थवा उठतो, एकदम वळतो आणि सगळी पोटं पांढरी चमकतात, पुढच्या वळणावर पाठी काळ्या. तेव्हा कॅमेऱ्याकडे हात नेऊ नका. आधी कुठली जात उठली आणि सगळ्यात शेवटी कोण बसलं, एवढं पकडा.

पायांकडे मुद्दाम बघा. एखाद्याच्या पायात धातूचं कडं किंवा रंगीत पट्टी असू शकते. पट्टीचा रंग, अक्षरं, डावा पाय की उजवा, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, दोन पट्ट्या असतील तर वर कुठली, असं सगळं तिथल्या तिथे लिहा आणि इथे कॅमेरा जरूर काढा. ही नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. ही संस्था अनेक दशकं पक्ष्यांना कडी घालत आली आहे. जानेवारीत गेलात तर तुमची मोजणी आशियाई पाणपक्षी गणनेलाही देता येईल, १९८७ पासून ती दरवर्षी होते.

चैत्रातल्या फेरीला जाताना हिवाळ्याची वही सोबत घ्या आणि त्याच रेषाचित्रांशेजारी नवी भरा. सगळे सारखे रंगलेले नसतील. चिखल्यांत नर गडद, माद्या फिक्या. आणि अगदीच करडी राहिलेली काही पाखरं दिसली तर त्यांना आजारी समजू नका. मागच्या वर्षी जन्मलेली बरीच पोरं पहिल्या उन्हाळ्यात वीण करायला जातच नाहीत, इथेच किनाऱ्यावर राहतात. थव्यात रंगलेले किती आणि न रंगलेले किती, हा एक आकडा चैत्राच्या पानावर हवाच.

त्या दिवशी जमलं तर संध्याकाळीही या. उजेड समोरून असेल, पिसं वाचता येणार नाहीत, पण त्या वेळी त्यांची गरज नसते. सूर्य बुडताना चिखल्यांचा एखादा लहान घोळका अस्वस्थ होतो, सारखा बोलू लागतो, उठतो, पुन्हा बसतो. मग एकदा उठतो तो किनाऱ्याला समांतर न जाता वर वर चढत राहतो. आवाज बारीक होत जातो आणि घोळका पुन्हा वाळूवर उतरत नाही. असं दिसलं तर वेळ आणि संख्या लिहा, वारा कुठून आहे तेही लिहा. यासाठी पिशवीत बॅटरी असू द्या, आणि बनाकडे परतताना तिचा झोत पायाखालच्या वाळूवर धरा, मागे राहिलेल्या थव्यावर नको.