घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन कुरकुरतंय? दोष जमिनीवरच असा शोधा

किट आणून किंवा आराखड्यांवरून स्वतः विमान बांधणाऱ्यांना इंजिनात हात घालायला संकोच वाटत नाही, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2012 मध्ये अशा विमानांच्या अपघातांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात इंजिनाने दगा देणं आणि विमानावरचा ताबा सुटणं ही दोन कारणं ठळकपणे पुढे आली. दोन्हींचा संबंध जवळचा आहे: कमी उंचीवर इंजिन थांबतं, वैमानिक नाक खाली करायला उशीर करतो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाऊन ते खाली कोसळतं. म्हणून जमिनीवर आलेल्या शंकेचा निकाल जमिनीवरच लावा. ‘वर गेल्यावर सुटेल’ म्हणून कधीही उडू नका.

उदाहरणादाखल रोटॅक्स 912 यूएलएस घेऊ. 100 अश्वशक्ती, चार सिलिंडर, दोन कार्बोरेटर. हलक्या विमानांत हे इंजिन खूप दिसतं. तुमचं इंजिन वेगळं असेल तर क्रम हाच ठेवा, आकडे मात्र त्याच्या मॅन्युअलमधून घ्या.

हात लावण्याआधी

पंखा (प्रॉपेलर) केव्हाही फिरू शकतो असं धरूनच वागा. इग्निशनचा स्विच बंद असला, तरी त्याची अर्थिंगची तार तुटलेली असेल तर सर्किट चालूच राहतं. किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा. चाकांना ठोकळे लावा, शेपटी दोराने बांधा, अग्निशामक हाताशी ठेवा. इंजिन चालवून बघायचं असेल तेव्हा ब्रेक आणि थ्रॉटल कळणारा माणूस कॉकपिटमध्ये हवाच.

मग ऑइल बघा. पंखा त्याच्या नेहमीच्या दिशेनेच हाताने सावकाश फिरवत राहा. ऑइलच्या टाकीतून गुडगुड आवाज आला की मगच पट्टी बुडवून पातळी वाचा. उलटा फिरवू नका, झडपा हलवणाऱ्या टॅपेटमध्ये हवा शिरते.

इंधन: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

इंजिन अडखळलं की बहुतेक जण आधी प्लग काढतात. मी सांगेन, टाकीपासून सुरुवात करा. टाकीच्या तळातून आणि गॅसकोलेटरमधून (पाणी-कचरा अडवणाऱ्या गाळणीतून) काचेच्या बरणीत इंधन काढा, उजेडात धरा. तळाशी पाण्याचे थेंब, रबराचे तुकडे, टाकीच्या सीलंटचे कण दिसतात का? टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक मोकळं आहे का? कुंभारमाशीने ते बुजवलं तर पेट्रोल असूनही इंजिन उपाशी राहतं.

महाराष्ट्रात पंपावरचं पेट्रोल वापरणाऱ्यांनी इथे विशेष जपावं. आता आपल्याकडे सर्रास 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि रोटॅक्सची या इंजिनासाठीची मर्यादा 10 टक्के आहे. इथेनॉल पाणी शोषतं, जुने होज आणि काही सीलंट खराब करतं. तपासणी सोपी आहे. खुणा असलेल्या उभ्या नळीत 10 मिलीलिटर पाणी आणि 90 मिलीलिटर पेट्रोल घाला, हलवा, स्थिर होऊ द्या. खालचा थर 10 वरच राहिला तर इथेनॉल नाही. 28 च्या आसपास चढला तर ते 20 टक्केवालं आहे. ते टाकीत घालू नका.

यानंतर प्रवाह मोजा. पूर्ण ताकदीला हे इंजिन तासाला सुमारे 27 लिटर पितं. पंपाने इंधन पुरवणाऱ्या विमानात त्याच्या सव्वापट प्रवाह मिळायला हवा, म्हणजे 10 मिनिटांत साडेपाच लिटरांहून थोडा जास्त. टाकी उंचावर असून इंधन आपोआप उतरत असेल तर दीडपट. विमानाचं नाक चढाईच्या कोनात वर उचलूनच हे मोजा, कारण आडव्या विमानात सगळं ठीक दिसतं. इंजिन बंद, जवळ ज्योत किंवा ठिणगी नाही, भांडं धातूचं आणि विमानाला तारेने जोडलेलं.

कॉकपिटमध्ये बसून पट्टे आवळा आणि टाकी बदलायचा कॉक फिरवून बघा. गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 रोजी कॅलिफोर्नियात माँटेरे उपसागरात कोसळले, ते घरी बांधलेल्या लाँग-ईझेड विमानातून. बांधणाऱ्याने हा कॉक मूळ आराखड्यातल्या जागी न बसवता वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. तो फिरवायला मागे वळताना ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष होता. तुमचा कॉक पट्टे बांधून, पुढे बघत, एका हाताने फिरत नसेल तर तो दुरुस्त होईपर्यंत विमान हँगरमध्येच राहू दे.

ठिणगी आणि कार्बोरेटर

इंजिन गरम करून 4000 आरपीएमवर एकेक इग्निशन सर्किट बंद करा. घट 300 पेक्षा जास्त नको, आणि दोन्ही घटींतला फरक 115 पेक्षा जास्त नको. एकाच सर्किटवर मिसिंग होत असेल तर त्याचे प्लग, टोप्या आणि जोड बघा. संशयित प्लग दुसऱ्या सिलिंडरवर लावा. दोष त्याच्याबरोबर गेला तर चोर सापडला. पण एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणारच नाही.

सगळे प्लग ओळीने मांडून रंग पाहा. एकाच कार्बोरेटरवरच्या दोन्ही सिलिंडरचे प्लग काळे-ओले असतील, किंवा तिथून पेट्रोल गळत असेल, तर फ्लोट (कार्बोरेटरमधले पेट्रोलवर तरंगणारे तुकडे) काढून वजन करा. जोडीचं वजन 7 ग्रॅमपेक्षा जास्त भरलं तर त्यांनी पेट्रोल शोषलंय, बदला. आयडलला, म्हणजे थ्रॉटल बंद असताना, थरथर आणि आरपीएम वाढल्यावर गुळगुळीत, असं असेल तर दोन कार्बोरेटरचा मेळ बिघडलेला असतो. गेजने जुळवून घ्या. 1400 आरपीएमच्या खाली इंजिन रेंगाळू देऊ नका, गिअरबॉक्सला हादरे बसतात.

थंड इंजिन सुरू होत नसेल तर एक साधी गोष्ट: चोक ओढल्यावर थ्रॉटल पूर्ण बंदच ठेवा. थोडं जरी उघडलं तरी या कार्बोरेटरचा चोक काम करत नाही.

गरम इंजिन बंद करून उन्हात उभं केलं आणि पुन्हा सुरू केल्यावर इंधनाचा दाब नाचू लागला, तर नळ्यांमध्ये वाफ अडली आहे. काउलिंगची (इंजिनावरच्या आवरणाची) झडप उघडून निवू द्या, एक्झॉस्टजवळच्या नळ्यांना उष्णतारोधक आवरण घाला. पावसाळी दमट हवेत कमी थ्रॉटलला ताकद हळूहळू उतरत गेली तर कार्बोरेटरमध्ये बर्फाचा संशय धरा. बाहेर 20-25 अंश असतानाही हे होतं.

दुरुस्तीनंतर

ऑइल 50 अंशांवर पोचल्यावर विमान बांधलेलं असतानाच काही सेकंद पूर्ण थ्रॉटल द्या. ऑइलचा दाब 2 ते 5 बार हवा. आरपीएम तुमच्या वहीतल्या नेहमीच्या आकड्याइतका यायला हवा; आला नाही तर पुन्हा इंधनापासून सुरुवात करा. वही नसेल तर आजच घाला.

पहिलं उड्डाण एकट्याने, स्वच्छ दिवशी करा. धावपट्टीच्या कुठल्या खुणेपर्यंत चाकं उचलली नाहीत तर थांबायचं, हे आधी ठरवा आणि मोठ्याने म्हणा. उचलल्यावर इंजिन थांबलं तर नाक ताबडतोब खाली, उतरायचं समोरच, फार तर थोडं डावी-उजवीकडे. कमी उंचीवरून धावपट्टीकडे परत वळू नका. सगळं ठीक असेल तर मैदानावरच, तरंगत परत येता येईल इतक्या अंतरात घिरट्या घाला.

उतरल्यावर काउलिंग काढा, टॉर्च घेऊन गळती शोधा आणि होजचे क्लॅम्प पुन्हा तपासा. नवे होज पहिल्यांदा तापल्यावर क्लॅम्प हमखास थोडे सैल होतात.