गोव्यात ट्यूब अ‍ॅम्प घेताय? आधी जागा बघा, मग वॅट, नाव सगळ्यात शेवटी

आमच्या फोंड्याच्या बाजूला गिटार वाजवणारी पोरं भेटली की एक प्रश्न ठरलेला, काका ट्यूब अ‍ॅम्प घ्यायचाय, कुठला घेऊ? अ‍ॅम्प म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, ट्यूबचं पुढे सांगतो. मी आधी उलट विचारतो, वाजवणार कुठे? घरातल्या खोलीत, कळंगुट-बागाच्या शॅकवर, लग्नाच्या हॉलमध्ये, की गावच्या जत्रेला? कारण अ‍ॅम्पचं उत्तर तिथूनच निघतं. बहुतेक जण आधी नाव ठरवून येतात, मोठ्या बँडच्या मागे बघितलेलं, आणि मग तो २५-३० किलोचा डबा घरात आणून व्हॉल्यूम एकच्या वर कधी नेता येत नाही. असं होऊ नये म्हणून हे सगळं लिहितोय, थोडं लांबेल पण पूर्ण वाचा, पैसे बरेच जातात यात.

ट्यूब म्हणजे काय ते आधी. आजोबांच्या जुन्या रेडिओत असायचा तोच व्हॉल्व. काचेची नळी, आतली हवा काढलेली, आत तापणारी तार. रेडिओ लावला की आवाज यायला वेळ लागायचा ना, तो ट्यूब तापायचा वेळ. एकेकाळी बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आपल्याकडे हे व्हॉल्व बनवायची. आता नवीन ट्यूब मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात. गिटारवाले अजून हे धरून बसलेत त्याचं कारण म्हणजे ट्यूबला जास्त सिग्नल दिला की आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू दबतो, सूर जाड होतो, आणि हलक्या हाताने वाजवलं किंवा गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की परत स्वच्छ होतो. म्हणजे हाताचं वजन थेट आवाजात येतं. हे एकदा बोटांना कळलं की सोडवत नाही.

पण हा गुण मिळतो कधी, तर अ‍ॅम्पला थोडं कामाला लावल्यावर. म्हणून वॅटचा हिशोब नीट समजून घ्या.

१०० वॅटचा अ‍ॅम्प १० वॅटच्या दहापट मोठा वाजतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. पॉवर दहापट केली तर कानाला आवाज साधारण दुप्पट लागतो. आणि ५० चे १०० केले तर फक्त ३ डेसिबलचा फरक, म्हणजे जेमतेम कळेल एवढा. उलट स्पीकरचा फरक बघा, एक स्पीकर ९७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (म्हणजे तेवढ्याच पॉवरवर किती मोठा वाजतो तो आकडा) आणि दुसरा १०० चा असेल तर तो बदलणं म्हणजे वॅट दुप्पट केल्यासारखंच आहे. त्यामुळे नुसता वॅटचा आकडा बघून घेऊ नका.

माझ्या मते घरासाठी १ ते ५ वॅट पुष्कळ. आणि ५ वॅट हे घरात कमी नाही हां, चिऱ्याच्या जुन्या घरात जाड भिंती असतात म्हणून ठीक, पण मडगाव-पणजीच्या फ्लॅटमध्ये ५ वॅटची ट्यूब पूर्ण उघडली तर वरच्या मजल्यावरून माणूस खाली येणार. ड्रमरबरोबर सराव आणि छोटे कार्यक्रम असतील तर १५ ते २२ वॅट. यात गोव्यातलं जवळजवळ सगळं काम होतं, कारण शॅकवर असो की हॉटेलच्या लॉनवर, साउंडवाला स्पीकरसमोर माइक लावतोच, लोकांना ऐकू जातं ते पीएमधून, म्हणजे स्टेजच्या मोठ्या स्पीकरमधून, तुमचा अ‍ॅम्प फक्त तुमच्यासाठी आणि ड्रमरसाठी. शिवाय उघड्यावर रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद, म्हणजे साउंडवाला आधीच काट्यावर असतो, स्टेजवरून तुमचा अ‍ॅम्प ओरडायला लागला की तो तुम्हालाच कमी करायला सांगणार. ४० च्या वर कधी घ्यायचा, तर एकदम मोठा आणि तरीही एकदम स्वच्छ आवाज हवा असेल तेव्हाच. आवाज बदलणारी पायाची पेडल भरपूर वापरणाऱ्याला किंवा जॅझ वाजवणाऱ्याला तसा लागू शकतो.

काही अ‍ॅम्पना पॉवर कमी करायचं बटण असतं, मार्शल कंपनीच्या डीएसएल२० चं उदाहरण घ्या, २० चे १० करता येतात. बरं आहे, पण वर सांगितलं तसं २० चे १० म्हणजे फार शांत झालं असं समजू नका. खरंच शांत करायचं असेल तर मध्ये अ‍ॅटेन्युएटर (स्पीकरकडे जाणारी पॉवर कमी करणारा डबा) लावतात किंवा मास्टर व्हॉल्यूम असलेला अ‍ॅम्प घेतात. मास्टरवाल्यात प्रीअ‍ॅम्पची ट्यूब, म्हणजे सिग्नल आधी मोठा करणारी पुढची ट्यूब, तिथेच आवाज फाटतो आणि शेवटचा आवाज लहान ठेवता येतो, घरी तेच सोयीचं.

आता ट्यूबची नावं. लहान, म्हणजे पुढची ट्यूब बहुतेक अ‍ॅम्पमध्ये १२एएक्स७, तिलाच युरोपात ईसीसी८३ म्हणतात, तीच. स्वभाव बराचसा मोठ्या, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर ट्यूबवरून आणि त्यांच्याभोवतीच्या सर्किटवरून ठरतो. ६व्ही६ म्हणजे अमेरिकेच्या फेंडर कंपनीचे लहान अ‍ॅम्प, चॅम्प, प्रिन्स्टन, डीलक्स रिव्हर्ब. गोड, वरचे सूर चमकदार, मधले थोडे मागे गेलेले. ६एल६ म्हणजे त्यांचेच मोठे, ट्विन रिव्हर्बसारखे, बास घट्ट आणि लवकर न फाटणारे. ईएल८४ म्हणजे इंग्लंडच्या व्हॉक्सचे एसी१५ आणि एसी३०, घंटेसारखी टणत्कार असलेली टोन, कॉर्ड वाजवल्या की एकेक तार वेगळी ऐकू येते. ईएल३४ म्हणजे मार्शल, मधला सूर पुढे येतो, रॉकचा गुरगुराट तिथे.

मार्शलची गोष्ट मला आवडते कारण ती आपल्यासारखीच आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडात अमेरिकन अ‍ॅम्प फार महाग पडायचे, तेव्हा लंडनच्या हॅनवेलमधल्या जिम मार्शलच्या दुकानातल्या मंडळींनी फेंडरच्या बासमन या मॉडेलचं सर्किट समोर ठेवून मिळतील ते पार्ट घालून आपला जेटीएम४५ बनवला. सर्किट जवळजवळ तेच, पण ट्यूब, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर वेगळे, आणि आवाज इतका वेगळा झाला की त्यातून पुढे सगळं रॉक उभं राहिलं. म्हणजे स्पीकर आणि लाकडी पेटीला दुय्यम समजू नका. ८ इंची स्पीकरचा लहान अ‍ॅम्प घरात गोंडस वाटतो पण गिटारच्या खालच्या सुराच्या जाड तारा डब्यातून आल्यासारख्या लागतात, जमलं तर १० किंवा १२ इंचीच घ्या.

गिटार कुठली आहे तेही बघा. तारांखालचा पिकअप तारांचा आवाज पकडतो, तो एका कॉइलचा किंवा दोन कॉइलचा (हंबकर) असतो. सिंगल कॉइलची गिटार आणि चमकदार अ‍ॅम्प एकत्र आले तर काहींच्या कानाला टोचतं, हंबकर जाड असतो तो तिथे छान बसतो. पण हा नियम नाही, कान सांगेल ते.

एक सावधगिरी. जाहिरातीत ट्यूब लिहिलंय म्हणजे सगळा अ‍ॅम्प ट्यूबचा असतो असं नाही. कित्येकांत पुढे एकच १२एएक्स७ असते आणि मागची पॉवर ट्रान्झिस्टरची. ते वाईट नाहीत, पण किंमत ट्यूबची देऊ नका. मागून वाकून बघा, पॉवर ट्यूब किती आहेत ते मोजा. आणि खरं सांगायचं तर रोज हेडफोन लावूनच वाजवणार असाल तर ट्यूबच्या मागे लागू नका, डिजिटल मॉडेलिंगवाला (वेगवेगळ्या अ‍ॅम्पच्या आवाजाची नक्कल करणारा) अ‍ॅम्प घ्या, जास्त खूश राहाल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, व्होल्टेज. इथे चूक झाली तर अ‍ॅम्प जातोच, कधी माणूसही. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० आणि ६०, जपानात १००. माझा पहिला ट्यूब अ‍ॅम्प मी अमेरिकेहून परत आलेल्या एकाकडून घेतला, मागच्या पट्टीवर १२० लिहिलं होतं ते मी वाचलं नाही, थेट भिंतीत लावला. फ्यूज गेला. घरात होता तो जास्त अँपिअरचा फ्यूज घातला आणि परत लावला, मग मात्र ट्रान्सफॉर्मर जळाला, घरभर वार्निशचा वास. म्हापशाच्या एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकने तो नवीन वाइंड करून दिला म्हणून वाचलो. त्यामुळे मागची पट्टी आधी वाचा, काही अ‍ॅम्पमध्ये आत जोडणी बदलून २३० करता येतं पण ते काम जाणकाराकडून, आणि फ्यूज नेहमी लिहिलेल्या रेटिंगचाच, स्लो-ब्लो (क्षणभराचा जास्त करंट सोसणारा) लिहिलं असेल तर स्लो-ब्लोच. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर (२३० चं व्होल्टेज कमी करणारा) वापरायचा तर अ‍ॅम्पच्या पट्टीवरच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा घ्या आणि त्याला अर्थिंगची पिन पुढेपर्यंत जाते का ते तपासा, स्वस्तातल्या बऱ्याच स्टेपडाउनमध्ये ती जोडलेलीच नसते. ६० हर्ट्झसाठीच बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापू शकतो तेही लक्षात असू द्या. इथे विकायला आलेला २३० चा अ‍ॅम्प थोडा महाग वाटला तरी मी तोच घ्या म्हणेन.

अर्थिंग! गिटारच्या तारा तुमच्या बोटांखाली आणि माइक ओठांना लागलेला, दोघांचं अर्थिंग नीट नसेल तर ओठाला झटका बसतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. जुन्या घरात किंवा मांडवात वाजवायच्या आधी टेस्टर-मल्टिमीटर घेऊन सॉकेट तपासाच. तिसरी पिन काढून अ‍ॅम्पचा हम, म्हणजे घुंई, कमी करायचा उपाय कोणी सांगितला तर त्याचं अजिबात ऐकू नका.

गावात जत्रेच्या रात्री व्होल्टेज खाली येतं. २०७ च्या खाली गेलं की ट्यूबचा हीटर त्याला पाहिजे त्यापेक्षा १० टक्क्यांहून कमी व्होल्टवर चालतो, आवाज मऊ, जीव नसलेला होतो. २५३ च्या वर गेलं तर ट्यूबचं आयुष्य कमी. चांगला स्टॅबिलायझर घ्या. इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर साइन वेव्हचाच, स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो.

विकत घ्यायला जाताना स्वतःची गिटार, स्वतःची केबल. सगळे टोन नॉब मध्यावर. अ‍ॅम्प चालू करून निदान २० मिनिटं तापू द्या, कारण कित्येक बिघाड तापल्यावरच दिसतात. आधी गिटार न जोडता ऐका, हलकी सूं चालेल, जोरात घुंई नको. मग व्हॉल्यूम दोनवर, मग पाच, मग दुकानदार थांबवेपर्यंत. मोठ्याने वाजवताना गिटारचा नॉब खाली घ्या, अ‍ॅम्प स्वच्छ होतो का बघा, याच एका गोष्टीसाठी आपण एवढे पैसे देतोय. नॉब फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने लहान ट्यूबवर हळूच टिचकी मारा, स्पीकरमधून टणटण मोठी आली तर ती ट्यूब बदलावी लागेल. पॉवर ट्यूबची आतली तार नारिंगी असणं बरोबर, पण बाहेरची करडी पत्र्याची प्लेट लाल झाली तर ताबडतोब बंद करा आणि तो अ‍ॅम्प दुरुस्त झाल्याशिवाय घेऊ नका.

सेकंडहँड बघायचा तर सीझन संपताना, एप्रिल-मेमध्ये, कधी कधी चांगला मिळतो. पण किनाऱ्यावर वापरलेला असेल तर मागून टॉर्च मारून बघा, खाऱ्या हवेने ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यावर, स्क्रूवर, ट्यूबच्या सॉकेटवर गंज चढलाय का. पॉवर ट्यूब कधी बदलल्या ते विचारा. बायस म्हणजे पॉवर ट्यूबमधून शांत असताना किती करंट जातो त्याची सेटिंग. फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्यूब बदलल्यावर बायस तपासून घ्यावा लागतो, कॅथोड बायसमध्ये सहसा नाही, हा खर्च आधीच धरा. स्वतः डबा उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये ३००-४०० व्होल्ट राहू शकतात.

वजनही उचलून बघा हो, नुसतं वाचू नका. डीलक्स रिव्हर्ब साधारण १९ किलो, ट्विन २९ किलो. वाळूतून शॅकपर्यंत ते तुम्हालाच न्यायचंय.

घरी आणल्यावर दोन गोष्टी कायमच्या. स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प कधीच चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. स्पीकरची वेगळी पेटी (कॅबिनेट) असेल तर ओहम (मागे लिहिलेला स्पीकरच्या रोधाचा आकडा) जुळवायचे, ८ ला ८, १६ ला १६, आणि मधली केबल स्पीकरचीच, गिटारची नाही.

आणि आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर इथे चपलेवर बुरशी येते तर स्पीकरच्या कागदाचं काय होणार. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नका, भिंतीला चिकटवू नका, प्लास्टिकमध्ये बांधून तर मुळीच नको, आत ओल कोंडते, सुती कापड घाला. आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास वाजवा, ट्यूबची उष्णताच आतली ओल घालवते. वीज चमकायला लागली की प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पाली आणि मुंग्यांना उबदार जागा आवडते, मागची बाजू महिन्यातून एकदा टॉर्चने बघत जा, प्लग काढून. एक जोडी पॉवर ट्यूब, दोन १२एएक्स७ आणि योग्य रेटिंगचे चार फ्यूज पेटीत ठेवा, कारण इथे दुकानात लगेच मिळतीलच असं नाही. कार्यक्रम संपल्यावर लगेच उचलून गाडीत टाकू नका, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, तेवढ्यात केबल गुंडाळून होतात.