परीक्षकाचा शेरा वाचावा कसा? घरी बिअर बनवणाऱ्यांसाठी

स्पर्धेची गुणपत्रिका हातात आली की नजर आधी आकड्यावर जाते. माझ्या फिकट लागरला (कमी तापमानात सावकाश आंबवलेल्या बिअरला) ५० पैकी २४ मिळाले होते. मित्रांनी तर तिची तोंड भरून तारीफ केली होती. (फुकटच्या बिअरला नावं कोण ठेवतो, हे तेव्हा सुचलं नाही.) परीक्षकाला काय कळतंय, असं म्हणून मी तो कागद खणात टाकला. त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. राग असताना गुणपत्रिका वाचूच नये, दोन-तीन दिवसांनी काढावी.

आधी आकडा फोडा

बऱ्याच स्पर्धा ‘बीजेसीपी’ या परीक्षकांच्या संस्थेची पद्धत वापरतात. तिच्यात गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या पोताला ५ आणि एकूण ठशाला १० गुण असतात. म्हणजे रंग, फेस आणि नितळपणा मिळून फक्त ३. बिअर काचेसारखी दिसावी म्हणून मी महिनोन्‌महिने झटत होतो, आणि माझे गुण गेले होते गंधात आणि चवीत. शिवाय या पद्धतीत २१ ते २९ म्हणजे ‘चांगली’. मी ज्यावर रुसून बसलो होतो तो शेरा मुळात वाईट नव्हताच.

मग दोन रंगांची पेनं घ्या

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. परीक्षकाला काय जाणवलं ते एका रंगाने अधोरेखित करा आणि त्याने सांगितलेलं कारण किंवा उपाय दुसऱ्या रंगाने. माझ्या कागदावर होतं: ‘लोण्याचा वास, जीभ तुपकट होते. स्वच्छतेकडे लक्ष द्या.’ यातलं लोणी हा पुरावा आहे, स्वच्छता हा अंदाज. परीक्षकासमोर फक्त पेला आणि बिअरचा प्रकार असतो. तुम्ही किती अंशांवर आंबवलं, किती दिवस ठेवलं, हे त्याला माहीत नसतं. त्याच्या नाकावर विश्वास ठेवा, निदान मात्र स्वतः करा.

दोन परीक्षकांचे कागद असतील तर शेजारी ठेवून वाचा. दोघांनाही लोणी लागलं असेल तर वाद मिटला. एकाला कडवटपणा जास्त वाटला आणि दुसऱ्याला कमी, तर ती ओळ तूर्त सोडून द्या.

त्याच खेपेची बाटली उघडा

यासाठी स्पर्धेला पाठवताना दोन बाटल्या घरी थंड जागी राखून ठेवायच्या. पेला एक-तृतीयांश भरा, तळव्याने झाकून गोल फिरवा, हात काढा आणि लगेच वास घ्या. बर्फासारख्या गार बिअरमध्ये दोष लपतात, म्हणून तिचा गारवा थोडा उतरू द्या. शेऱ्यातला दोष घरच्या बाटलीत अजिबात नसेल तर प्रवासातली उष्णता किंवा ती एकच बाटली कारणीभूत असू शकते. सगळ्या बाटल्यांत असेल तर तुमच्या कृतीकडे वळा.

मला लोणी लागलं. आधी कसं लागलं नव्हतं, देव जाणे.

लोण्याच्या वासाला डायअसेटिल म्हणतात. आंबताना यीस्ट त्याचं कच्चं रूप बिअरमध्ये सोडतं, त्याचं डायअसेटिल होतं आणि वेळ दिला तर यीस्टच ते परत शोषून घेतं. मी घाईने बिअर थंड केली होती, त्यामुळे यीस्ट काम अर्धवट टाकून झोपी गेलं. जिवाणूंच्या शिरकावानेही हाच वास येतो, पण मग तो दिवसागणिक वाढतो आणि बहुधा आंबटपणाही सोबत येतो. माझ्या बाटल्यांत तसं काही नव्हतं.

बाकीच्या नेहमीच्या तक्रारी थोडक्यात: कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर पुरती पिकलेली नाही. शिजवलेल्या मक्याचा आला तर पुढच्या वेळी आंबवण्याआधीचा माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) काढा झाकण न ठेवता जोरात उकळा. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बाटलीत भरताना हवा लागली आहे. दवाखान्यातल्या पट्टीसारखा आला तर पाण्यातला क्लोरीन तपासा. लवंगेचा आला तर आधी प्रकार पाहा: गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये तो हवाच असतो, लागरमध्ये तोच दोष ठरतो.

पुढच्या खेपेला एकच बदल

पाणी, माल्ट, यीस्ट सगळं एकदम बदललंत तर कशाने फरक पडला हे कधीच कळणार नाही. मी फक्त आंबवण संपत आल्यावर तापमान ११ अंशांवरून १७ वर नेलं आणि तीन दिवस तसंच ठेवलं. थंड करण्याआधी चाचणीही केली: दोन झाकणबंद बरण्यांत थोडी थोडी बिअर घेतली, एक बरणी साठेक अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवली, मग दोन्ही सारख्या गार करून हुंगल्या. तापवलेल्या बरणीत लोणी आलं तर ते कच्चं रूप अजून शिल्लक आहे, म्हणजे आणखी वाट पाहायची. माझ्या बरणीत आलं, म्हणून आणखी दोन दिवस थांबलो.

ही नवी खेप पुन्हा स्पर्धेला पाठवली. ३१ गुण. लोण्याचा उल्लेख नाही. खाली हॉप्सबद्दल, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुवास देणाऱ्या फुलांबद्दल, नवी ओळ: ‘हॉप्सचा गंध फार पुसट.’ ती मी पहिल्या रंगाने अधोरेखित केली आणि राखून ठेवलेली बाटली काढायला उठलो.