निवासी उन्हाळी शिबिरातील परिचारिका : या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यांत कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी निवासी शिबिरे भरतात. रुग्णालयाची सवय झालेल्या परिचारिकेला तिथे पहिली अडचण येते ती मागच्या पाळीची नोंद, हाताशी डॉक्टर आणि समोर औषधांचे दुकान यांपैकी काहीच नसण्याची. त्यामुळे शिबिरातल्या बऱ्याच चुकांचे मूळ मुले येण्याआधीच्या तयारीत सापडते.

प्रवेश अर्जावरील ‘काही आजार आहे का?’ या रकान्यावर विसंबणे ही त्यांतली सर्वांत मोठी चूक. ‘बाळदमा होता, आता बरा आहे’ असे मानणारे किंवा फिट येते हे लिहायला संकोचणारे पालक तिथे सरळ ‘नाही’ लिहून मोकळे होतात. त्याऐवजी गेल्या वर्षभरात कोणती औषधे दिली, दम्याचा पंप (इनहेलर) कधी वापरला, कशाची ॲलर्जी आहे आणि आजचे वजन किती, असे नेमके प्रश्न पालकांना मूल सोडायला आल्यावर समोरासमोर विचारावेत. पिशवीतल्या सुट्या गोळ्या स्वीकारू नयेत. मूळ पाकीट आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागावी. परिचारिकेने स्वतःच्या अंदाजाने औषधे देणेही योग्य नाही. शिबिराशी जोडलेल्या डॉक्टरांकडून कोणत्या तक्रारीला काय द्यायचे याच्या लेखी सूचना आधीच घ्याव्यात.

सगळी औषधे कुलूपबंद ठेवण्याचा नियम चांगला असला, तरी दम्याचा पंप त्याला अपवाद असायला हवा. तो मुलाजवळ किंवा त्याच्या गटप्रमुखाजवळ असावा, कारण दम लागेल तेव्हा मूल मैदानावर असेल आणि किल्ली आपल्याकडे. याउलट फिटच्या गोळ्या आपल्याच ताब्यात ठेवाव्यात. पण गडावर जायच्या दिवशी मुले पहाटे निघतात आणि नाश्त्यानंतरची गोळी नेमकी त्याच दिवशी चुकते, हे ध्यानात ठेवून आदल्या रात्रीच सोबत जाणाऱ्या ताई-दादांकडे द्यायची गोळ्यांची वेगळी पाकिटे भरून ठेवावीत.

पॅरासिटामॉलच्या पातळ औषधात होणारी गफलत तर फार सहज घडते. ५ मिलिलीटरमध्ये १२० मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही प्रकारच्या बाटल्या मिळतात आणि पालकांनी दिलेल्या पिशव्यांत दोन्ही असतात. किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्या बाटलीतून साडेबारा मिलिलीटर, तर दुसरीतून फक्त ६ मिलिलीटर द्यावे लागते. बाटली न वाचता सवयीने साडेबारा ओतले, तर मात्रा दुपटीहून जास्त होते. म्हणून नोंदवहीत ‘एक चमचा दिले’ असे न लिहिता मिलिग्रॅम आणि वेळ लिहावी. म्हणजे रात्री दुसऱ्या कोणी औषध देताना किमान ४ तासांचे अंतर पाळले जाईल.

उन्हात खेळून आलेले मूल बरळू लागले किंवा त्याची शुद्ध हरपत असेल आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी पॅरासिटामॉलने ताप उतरत नाही आणि तळव्यांना कांद्याचा रस चोळण्यात वेळ तेवढा जातो. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा, अर्धवट शुद्धीत तोंडाने काहीही पाजू नये आणि हे चालू असतानाच १०८ ला फोन लावावा. साध्या अशक्तपणात ओआरएस द्यावे, परंतु १ लिटरचे पाकीट पेल्यापेल्याने अंदाजे वाटून घेऊ नये. ते एकाच वेळी लिटरभर पाण्यात विरघळवावे.

सर्पदंशात ‘खूण दिसत नाही, सूजही नाही’ म्हणून सकाळपर्यंत थांबणे जिवावर बेतू शकते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. दंश फारसा दुखत नाही आणि खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे हीच लक्षणे दिसतात. घट्ट आवळपट्टी, ब्लेडची चीर, साप पकडून आणण्याची धडपड यांपैकी काहीही न करता तो अवयव हलू न देता मुलाला रुग्णालयात न्यावे आणि तिथे प्रतिसर्पविष (सापाच्या विषावरचे इंजेक्शन) आहे का, हे शिबिर सुरू होण्यापूर्वीच फोन करून विचारून ठेवावे. कोकणातल्या लाल विंचवाबाबतही हीच तत्परता हवी. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला असला, तरी ते औषध वैद्यकीय देखरेखीखालीच द्यायचे असते. म्हणून वेदना कमी असली तरी दरदरून घाम, उलट्या किंवा गार पडलेले हातपाय दिसताच गाडी काढावी.

राहिली रोजची तक्रार: “ताई, पोटात दुखतंय.” दुसऱ्या-तिसऱ्या रात्री ती बहुधा घरच्या आठवणीने येते, पण म्हणून तपासल्याविना परत पाठवू नये. जेवण, शौच, ताप आणि मुलींबाबत पाळी यांची एकांतात पण दुसऱ्या जबाबदार स्त्रीच्या उपस्थितीत चौकशी करावी. दुखणे बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकले आणि उडी मारताना वाढले, तर अपेंडिक्सची शंका घेऊन डॉक्टरांना कळवावे व त्याच फोननंतर पालकांनाही.